मर्यादित जबाबदारी

ब्रेमरहाफेनमध्ये नोटरी सगळं मोठ्यानं वाचतात.
कायदाच तसा: मसुदा पहिल्या शब्दापासून ऐकवायचा,
ऐकणाऱ्याला कळो न कळो.
डॉक्टर फोल्केर्ट्स पोथी वाचावी तसे वाचत होते,
एका सुरात, श्वास फक्त पूर्णविरामाला,
आणि मी मागोमाग
एकेक वाक्य तिग्रिन्यात उतरवून ठेवत होतो
लेतेब्रहानच्या पुढ्यात.

तिच्या नखांत तांब्याची काजळी.
सकाळीच एका खाटकाचं शीतघर सुरू करून आली होती.
"बाई हब्तेआब," नोटरी म्हणाले
आणि तिनं मागं वळून पाहिलं,
बाप आला की काय दारात.
आमच्याकडे आडनाव नसतं.
बापाचं नाव चौकटीत कोंबलं की ते आडनाव होतं,
आणि अस्मारात बर्फाच्या लाद्या ओढणारा म्हातारा
न विचारता जर्मन कंपनीच्या पाटीवर चढतो.

भांडवल: आठशे युरो.
कायद्याला एकसुद्धा चालला असता.
"एका युरोत काय उभं राहतं?"
तिनं मला हळूच विचारलं.
हे मी पलीकडे पोचवलं नाही.

मग तो शब्द आला.
एकोणीस वर्षं दोन भाषांमधल्या फळीवर उभा आहे मी,
पण मर्यादित जबाबदारीला
आमच्या काठावर उतरायला जागा सापडत नाही.
म्हणालो, कुंपण घातलेलं ओझं.
म्हणालो, गुडघ्यापर्यंतचंच पाणी.
शेवटी सरळ सांगितलं:
कंपनी बुडाली तर कंपनी बुडेल, तू नाहीस.
घर तुझं, हातातली बांगडी तुझी,
घेणेकरी तुझ्या उंबऱ्याशी थांबतील.

ती गप्प.
खिडकीबाहेर क्रेन एक कंटेनर उचलून
कुठं ठेवावा या विचारात लोंबकळत होती.

"आणि हार्म्सबाईचं इन्सुलिन?
तिचा फ्रीज मी दुरुस्त केलाय.
रात्रीत बंद पडला, औषध नासलं,
तर तेही कंपनीनंच नासवलं म्हणायचं?
एक ओळ घाला म्हणावं. तेवढं माझ्याकडे."

नोटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
नमुना ठरलेला आहे, म्हणाले,
त्यात अशी ओळ बसत नाही.
बसवायची तर मसुदा वेगळा, फी वेगळी,
आणि खरं सांगायचं तर असं कुणी मागत नाही,
लोक उलटं मागतात.

"राहू दे मग," लेतेब्रहान म्हणाली.
"कागदाला जमत नसेल तर मी लक्षात ठेवीन."

काय म्हणाल्या?
नोटरींनी माझ्याकडे पाहिलं.
दुभाष्यानं शपथ घेतलेली असते: काही गाळणार नाही,
पदरचं घालणार नाही.
मी म्हणालो, "त्यांना समजलं."

तीन आठवड्यांनी नोंदणी क्रमांक आला
आणि त्याच्या वासानं पत्रं आली,
गरुड छापलेली गिधाडं:
आठवड्याच्या आत सातशे ऐंशी युरो भरा, अन्यथा.
ती मला एकेकाचा फोटो पाठवायची.
हे खरं? नाही.
हे? नाही, फाड.
हे?
हे खरं. हे माझंच बिल.

काल लेहे भागात तिची गाडी दिसली,
आइस्क्रीमवाल्या ओस्करच्या दुकानापुढे अर्धी फुटपाथवर.
ती आत, कंप्रेसरमागे, फक्त बूट बाहेर.
दारावर हिरव्या रंगात बापाचं नाव,
त्यापुढे कंसात ते दोन शब्द;
गाळायची सोय नाही, कायदा आहे.
रंगाऱ्याकडून तिनं ते इतके बारीक काढून घेतलेत
की मला चष्मा लावून वाकावं लागलं.

त्याच्या खाली फोन नंबर.
एकेक आकडा वीतभर.
आणि शेजारी, तिच्याच हातचं, जरा वाकडं:
रात्रीसुद्धा.